रेंडर बाहेरून करून घेताना काय द्यायचं, करेक्शन कुठे अडवायची?

कोनमापक: पुण्यात पार्किंग अधिक सात मजले, निवासी काम. स्केचअप-एनस्केप या थ्रीडी सॉफ्टवेअरवर क्लायंटशी चर्चेपुरते व्ह्यू ऑफिसातच निघतात. बिल्डरला ब्रोशर आणि २०×१० फुटी होर्डिंगसाठी फोटोरिअलिस्टिक व्ह्यू (रेंडर, म्हणजे मॉडेलवरून काढलेली फोटोसारखी चित्रं) हवेत. ते बाहेर देणार आहोत. स्टुडिओला नेमकं काय पाठवावं? करेक्शन संपतच नाहीत असं सगळे म्हणतात.

ओळंबा: करेक्शन क्ले रेंडरच्या टप्प्यावरच अडवा. सगळं मॉडेल राखाडी, एकच सूर्य, आणि ठरवायचा फक्त कॅमेरा. डोळ्याची उंची १.५ ते १.६ मीटर, लेन्स २४ ते ३५ मिमी, उभ्या रेषा उभ्याच. १८ मिमीच्या खाली गेलात की कडेच्या बाल्कन्या ताणल्या जातात आणि दहा फुटी बेडरूम हॉलएवढी दिसते. कॅमेरा ईमेलवर मंजूर होईपर्यंत मटेरियलला हात लावू देऊ नका. नंतर तो हलला तर झाडं, माणसं, गाड्या, फोटोशॉपचं काम, सगळं पुन्हा करावं लागतं.

मॉडेल पाठवण्याआधी ओरिजिन, म्हणजे मॉडेलचा शून्यबिंदू, तपासा. यूटीएम (नकाशावरच्या मीटरमधल्या सहनिर्देशकांच्या) सर्व्हेवर बांधलेलं पुण्याचं मॉडेल शून्यापासून वीस लाख मीटरवर बसतं, मग पृष्ठभाग लुकलुकतात आणि सावल्या तुटतात. स्केचअपमधले उलटे फेसही (आतली बाजू बाहेर आलेले पृष्ठभाग) सरळ करून घ्या. स्टुडिओच्या थ्रीडीएस मॅक्स सॉफ्टवेअरमध्ये ते काळे पडतात किंवा दिसतच नाहीत.

जांभा_चिरा: मटेरियलच्या यादीत नुसतं ‘ग्रॅनाइट’ लिहून भागत नाही. स्लॅबचा सावलीतला समोरून काढलेला फोटो, त्यात टेप ठेवलेली, फिनिश पॉलिश की लेदर (किंचित खडबडीत), टाइल ६००×१२०० मिमी, सांधा २ मिमी, रंगाचा शेड कोड. माप नसेल तर दगडाची नस तिप्पट मोठी होते आणि सात मजली इमारत खेळण्यासारखी दिसते.

झाडांची नावंही द्या: कडुलिंब, बहावा, सप्तपर्णी. नाहीतर सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ररीतला परदेशी मेपल येऊन बसतो. उत्तर दिशा आणि वेळ लिहा. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला, साधारण ४८ अंशांवर असतो. त्या वेळी उत्तरेच्या दर्शनी भागावर ऊन पडूच शकत नाही. एसीचे आउटडोअर युनिट, ग्रिल आणि पाणी खाली नेणारे डाउनटेक पाइप एलिव्हेशनवर दाखवूनच पाठवा.

पिक्सेल_मिस्त्री: होर्डिंगचं प्रमाण २:१, आडव्या ए४ चं १.४१:१. एकाच फ्रेममधून दोन्ही कापलं तर गच्ची तरी जाते नाहीतर रस्ता, म्हणून क्लेलाच दोन कॅमेरे मागा. होर्डिंग लांबून बघतात, त्यामुळे ३० डीपीआयने (इंचाला ३० ठिपके) ७२००×३६०० पिक्सेल पुरतात. पूर्ण पानाच्या ए४ ला ३०० डीपीआयने ३५०८×२४८० लागतात.

फायनलला जेपीईजीवर भागवू नका. ईएक्सआर (रंग-प्रकाशाची पूर्ण माहिती ठेवणारी फाइल) आणि क्रिप्टोमॅट पास (प्रत्येक वस्तू वेगळी निवडता येईल असा थर) करारातच लिहून घ्या. बाहेरचा रंग बदलला तर पुन्हा रेंडर न करता फोटोशॉपमध्ये निभावतं.

कोनमापक: बिल्डर शेजारचा प्लॉट हिरवागार दाखवा म्हणतोय.

ओळंबा: दाखवू नका. रेरा (स्थावर संपदा कायदा) २०१६ च्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर भरपाई प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, येते. जागेवरून त्याच कॅमेऱ्याच्या उंचीने फोटो काढा आणि इमारतीच्या मागचं-शेजारचं दृश्य त्यावरूनच बसवायला सांगा.