मदत हवी आहे : आईचा गुळाचा चहा आणि लोहाची गोळी

नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात मी, पत्नी आणि सत्तरीकडे झुकलेले आईवडील अशी चार माणसे असून चौघांच्या चहाच्या चार तऱ्हा आहेत. गेल्या महिन्यात आईला जिना चढताना धाप लागू लागली म्हणून रक्ततपासणी केली, तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ७, म्हणजे दोन्ही कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही उठता उठता "चहा जरा कमी करा" एवढे सांगितले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे कोणता चहा, किती आणि कोणत्या वेळचा कमी करायचा, हे विचारायचे राहून गेले. घरी आल्यापासून त्या एका वाक्याचा प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावत आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आई पहाटे साडेपाचला उठते, थायरॉईडची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेते आणि लगेच चहाचे आधण ठेवते. त्यात ठेचलेले आले, कुंडीतल्या गवती चहाच्या दोन पाती आणि चहापूड पडते. दूध दुसऱ्या भांड्यात तापत असते. उकळीत गूळ आणि दूध एकत्र आले की दूध फाटते, हे अनुभवाने माहीत असल्यामुळे ती गॅस बंद करते, चिरलेला गूळ पातेल्यात विरघळवते, चहा गाळते आणि मग वरून दूध ओतते. हा चहा ती बशीत घेते आणि पहिल्या घोटाबरोबर लोहाची गोळी गिळते, कारण नुसत्या पाण्याने ती गोळी घशात चिकटते, अशी तिची तक्रार आहे. पुढे आठ वाजता नाश्त्याबरोबर दुसरा कप, दुपारच्या जेवणावर अर्धा आणि चार वाजता आणखी एक होतो.

तिचे म्हणणे असे, की गुळात लोह असते, म्हणून गुळाचा चहा हे रक्तवाढीचे औषधच आहे. डॉक्टर कमी करा म्हणाले ते साखरेच्या चहाविषयी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर आमच्या घरात गुळाविषयी वावगा शब्द काढायची सोय राहिलेली नाही.

वडिलांनी करोनाच्या काळात चहा सोडून काढा धरला तो आजतागायत सुटलेला नाही. सुंठ, दालचिनी, तुळस आणि ज्येष्ठमधाच्या दोन मोठ्या कांड्या ठेचून ते सकाळ-संध्याकाळ पेला भरून घेतात. त्यांना रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू आहे, पण अलीकडे गोळी नियमित घेऊनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही. पत्नीने वजनासाठी ग्रीन टी सुरू केला असून जेवण झाल्यावर लगेच ती तो पिते. मी कार्यालयात यंत्रातला चहा दिवसाला सहा वेळा घेतो आणि रात्री एकपर्यंत जागा असतो.

जाणकारांना माझे विचारणे एवढेच आहे, की आईला चहा पूर्ण बंद करावा लागेल का, की ग्रीन टी किंवा नुसता गवती चहा दिला तर चालेल? दूध घातल्याने चहाचा त्रास कमी होतो, असे शेजारच्या काकू सांगतात, त्यात तथ्य आहे का? गुळाच्या लोहाचा हिशेब खरोखर किती धरायचा? वडिलांच्या काढ्याविषयी मला शंका येत नव्हती, पण तोही सविस्तर लिहिला आहे; कोणाला काही खटकल्यास अवश्य सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपण वेळा लिहिल्यात हे फार बरे केले, कारण आपल्या आईच्या बाबतीत चहाच्या प्रकारापेक्षा त्याची वेळ अधिक आडवी येत आहे.

काळा (म्हणजे आपल्या नेहमीच्या चहापुडीचा), हिरवा, पांढरा, उलाँग हे सगळे चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. हिरव्या चहाची पाने वाफेवर किंवा कढईत लगेच तापवून त्यांचे काळे पडणे थांबवतात, म्हणून त्यात कॅटेचिन हा घटक टिकून राहतो. काळ्या चहात ती पाने पूर्ण मुरू देतात, तेव्हा त्याच घटकाचे रूपांतर होऊन रंग आणि तुरटपणा येतो. ही तुरट द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहाला आतड्यातच धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. हरेल, रेड्डी आणि कुक या संशोधकांनी १९९९ मध्ये पावाच्या जेवणाबरोबर निरनिराळी पेये देऊन हे मोजले होते. काळ्या चहाने लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले, पुदिन्याच्या पेयाने ८४ टक्क्यांनी आणि कॅमोमाइल या फुलांच्या पेयाने ४७ टक्क्यांनी. म्हणजे "हर्बल" एवढे नाव दिल्याने सुटका होत नाही, आणि ग्रीन टीमध्येही तीच द्रव्ये असल्यामुळे आपल्या पत्नीनेसुद्धा तो जेवणाला चिकटून घेऊ नये. दुधाने यात फारसा फरक पडत नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. काकूंना तसे कळवावे.

गुळाचा हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम गुळात अकरा मिलिग्रॅम लोह असते, हा जुन्या तक्त्यांतला चढा आकडा धरला, तरी कपात पडणाऱ्या दहा ग्रॅमच्या खड्यात एक मिलिग्रॅमच्या आसपासच लोह येते, आणि ते ज्या चहात विरघळते तोच चहा त्यातले बरेचसे अडवतो. डॉक्टरांनी दिलेल्या एका गोळीत बहुधा ६० किंवा १०० मिलिग्रॅम लोह असते, आणि नेमकी तीच गोळी आई चहाच्या घोटाबरोबर घेत आहेत. चवीसाठी गूळ घालावा, मीही घालते. औषध म्हणून त्यावर विसंबू नये. घरात कोणाला मधुमेह असल्यास गूळ आणि साखर यांत फार फरक करू नये, हे जाता जाता सांगते.

दुसरी अडचण थायरॉईडच्या गोळीची आहे. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो, आणि लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवावी लागते. हे दोन्ही नियम रोज पहाटे एकाच बशीत मोडले जात आहेत. साडेपाचला थायरॉईडची गोळी, साडेसहाला आवडीचा चहा, आठला चहाशिवाय नाश्ता, अकराला लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, एकला जेवण आणि चारला पुन्हा चहा, असे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून पाहावे. लिंबातील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असेच म्हटले आहे. गवती चहाची पात साध्या पाण्यात उकळून चहापूड न घालता घेतली, तर कॅफिनचा (चहातल्या झोप उडवणाऱ्या द्रव्याचा) प्रश्न उरत नाही, तरी तीही जेवणाबरोबर नकोच.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. या वयाच्या स्त्रीचे फेरिटिन ७ पर्यंत उतरले असेल, तर सगळा दोष चहावर टाकून थांबू नका. पोटातून किंवा आतड्यातून नकळत रक्त जात आहे का, हे तपासून घ्यावे लागते. मलतपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी यांविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

दुसरा प्रतिसाद

माझे औषधांचे दुकान आहे आणि मला खटकला तो आपल्या वडिलांचा काढा.

ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचे द्रव्य असते. त्याच्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते आणि रक्तदाब चढतो. घसा बसला म्हणून चार दिवस एखादा तुकडा चघळणे वेगळे, आणि वर्षानुवर्षे रोज दोन पेले पिणे वेगळे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर पोटॅशियम दोन्हीकडून कमी होते आणि अशक्तपणा, पायात गोळे, क्वचित हृदयाच्या ठोक्यांची गडबड इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. ज्येष्ठमध आजच बंद करावा, रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासून घ्यावे आणि काढ्यात काय काय होते, ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावे. दुकानात येणारे लोक गोळ्यांची यादी बिनचूक सांगतात, पण काढा हे कोणाला औषध वाटतच नसल्यामुळे तो यादीत कधीच येत नाही.

आपल्या स्वतःच्या सहा कपांविषयी सांगायचे, तर वर उल्लेख झालेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांप्रमाणे चहाच्या दीडशे मिलिलिटरच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० आहे. सहा कपांचे १८० ते ३९० होतात, म्हणजे चहा कडक असेल तर आपण तिच्या पलीकडे जात असाल. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच तासांनंतरही अंगात असते, तेव्हा दुपारी चारनंतरचा कप आधी कमी करून पाहावा. पत्नींना ग्रीन टी कडू लागत असेल, तर पाणी खळखळ उकळलेले न वापरता थोडे निवू द्यावे आणि पाने दोन-तीन मिनिटांत काढावीत. वजन उतरवण्यासाठी मिळणाऱ्या ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी (ग्रीन टीमधले मुख्य कॅटेचिन) पोटात गेल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे.

एवढे वाचून चहाचा धसका घेऊ नका. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला, आणि तेथे बहुतेक जण काळाच चहा पितात. ती निरीक्षणे असल्यामुळे श्रेय चहाचे की पिणाऱ्यांच्या राहणीचे, हे त्यातून ठरत नाही, पण माफक चहाने आयुष्य घटते असे तरी दिसत नाही. आईंच्या बशीचे तर मी कौतुकच करीन. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले आहे. बशीत ओतलेला चहा चटकन निवतो.

धागा काढणाऱ्याचा पुढचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. दोन्ही उत्तरे छापून काल डॉक्टरांना दाखवली. त्यांना वेळापत्रक मान्य आहे आणि आईची मलतपासणी लिहून दिली आहे. वडिलांचे पोटॅशियम ३.२ निघाले, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली. ज्येष्ठमधाची बरणी पत्नीने फडताळातून काढून टाकली. वडील दिवसभर घुश्शात होते आणि संध्याकाळी सुंठ-तुळशीचे पाणी "यात काही दम नाही" असे म्हणत पिऊन गेले.

आईने नाश्त्याचा आणि जेवणावरचा चहा सोडला, साडेसहाचा आणि चारचा राखला, गुळासकट. लोहाची गोळी आता अकरा वाजता लिंबाच्या पाण्याबरोबर जाते. घशात चिकटू नये म्हणून ते पाणीही ती बशीत ओतून घेते.