जुने रॉक अल्बम सराउंडमध्ये ऐकणं ही मूळ कलाकृतीशी छेडछाड आहे का? माझं मत: अजिबात नाही

चार_कोपरे (राजारामपुरी)

परवाच्या रविवारी आमच्याकडे चौघं जमलो होतो. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची एसएसीडी लावली, म्हणजे पुढच्या-मागच्या सगळ्या स्पीकरवर वाजणारी सराउंड डिस्क. एका गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं वाजायला लागली आणि एक मित्र बसल्या जागी मागं वळला, कारण एक ठोका त्याच्या उजव्या खांद्यामागून आला होता. दुसऱ्याला मात्र राग आला. "पन्नास वर्षं जे समोरून ऐकलं ते पाठीमागं कुणी नेलं? असलं डॉल्बी मिरवणुकीत ठेवा," म्हणाला. आपल्या कोल्हापुरात डॉल्बी म्हटलं की विसर्जनातली स्पीकरची भिंत डोळ्यापुढं येते, त्यामुळं त्याचा राग मला कळतो. पण तो चुकतोय असं माझं ठाम मत आहे.

ती घड्याळं मुळात दोन स्पीकरसाठी रेकॉर्ड झालीच नव्हती. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगवेगळं टेपवर घेतलं होतं, तेही क्वाडचं, म्हणजे चार स्पीकरच्या ध्वनीचं, प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. अल्बममध्ये ती नंतर आली. अल्बमचा क्वाड मिक्सही (सगळे आवाज चार स्पीकरांत जुळवून वाटणं) पार्सन्सनंच केला आणि तो १९७३ सालीच एलपीवर निघाला. त्याच्याही आधी, १२ मे १९६७ ला, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये या बँडनं अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर नावाचं यंत्र वापरलं होतं. दांडी फिरवली की आवाज श्रोत्यांभोवती फिरायचा. चार कोपऱ्यांची ही ओढ त्यांचीच आहे, नंतर कुणी त्यांच्या गळ्यात मारलेली नाही.

माझी खोली दहा बाय बारा. पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे दोन एकशेदहा अंशांवर. पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, खुर्चीच्या पाठीला सुतळी बांधली आणि प्रत्येक स्पीकरपर्यंत तेवढीच लांबी भरते का ते बघत बसलो. अर्धा दिवस गेला. मागचा डावा स्पीकर वीतभर पुढं होता, तो सरकवल्यावर त्याच अल्बमच्या 'मनी' गाण्यातला सात ठोक्यांचा गल्ल्याचा खणखणाट पहिल्यांदा खोलीत नीट पसरला. तोवर सगळा एका कोपऱ्यात गोळा होत होता.

माझ्याकडं अशा तीसेक डिस्क आहेत. सगळ्या उघडलेल्या, वाजवलेल्या. प्लास्टिकसकट कपाटात ठेवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, पण ते नंतर.

सुई_आणि_खाच (शाहूपुरी)

मी तुमच्या घरी नव्हतो, पण तुमच्या त्या दुसऱ्या मित्राच्या बाजूनं बोलतो.

घड्याळं हा परिणाम आहे. ती फिरवा, माझी काही तक्रार नाही. पण गिटार, ड्रम, गाणारा गळा यांचं आपापसातलं वजन बँडनं स्टिरिओत ठरवलं. कुठला आवाज कुठल्याच्या आड जावा, हा निर्णय त्यात आहे. झाकलेलं उघडं करून दाखवलं की श्रोत्याला वाटतं नवीन काही सापडलं. पण ते झाकायचं कुणीतरी विचार करून ठरवलं होतं. रस्सा गाळून मसाला वेगळा ताटात वाढला तर त्याला तांबडा रस्सा म्हणायचं का?

दुसरं, पार्सन्सचा क्वाड १९७३ चा. २००३ च्या एसएसीडीवरचा पाच-एक मिक्स (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक) ध्वनिमुद्रक जेम्स गथ्रीचा. २०२३ चा अ‍ॅटमॉस (डॉल्बीची, वरूनही आवाज देणारी पद्धत) परत गथ्रीचा, पण वेगळा. एकाच अल्बमची अशी तीन रूपं झाल्यावर मूळ कुठलं, ते तुम्ही सांगा. माझ्याकडं उत्तर आहे: जे १९७३ ला दुकानातून घरी आलं, दोन स्पीकरवर वाजलं आणि लोकांच्या कानात बसलं ते.

आणि वस्तू म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. खालच्या कप्प्यातल्या चाळीस एलपी पाण्यात होत्या. अ‍ॅम्प गेला, सीडी प्लेअर गेला. पाणी उतरल्यावर कव्हरं एकमेकांना चिकटली होती, ती सोलून काढताना छपाई हाताला लागत होती. पण तबकड्या मी नळाखाली धरल्या, मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं पुसल्या, सावलीत उभ्या करून वाळवल्या. लेबलं फुगलीत, पण वाजतात. आजही वाजतात. डीकोडर नको, मेनू नको, टीव्ही लावायला नको.

देवल_क्लबचा_श्रोता

माझा रॉकशी संबंध मुलामुळं. पण एक शंका आहे म्हणून लिहितो. आम्ही अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीवर वाढलेली माणसं. मैफलीत गाणारा समोर असतो आणि आपण त्याच्याकडं तोंड करून बसतो. ऐकणं म्हणजे लक्ष एका जागी धरणं. तबला पाठीमागून आला तर माझं चित्त मागं जाईल, गाण्यावर राहणार नाही. ही सवय मोडून नेमकं काय मिळतं?

चार_कोपरे

@देवल_क्लबचा_श्रोता, काका, तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून आधी तुम्हाला उत्तर देतो. मैफलीत समोर बसलेल्याला सगळं समोरून येतं, बरोबर. पण गाणाऱ्याला? त्याच्या उजवीकडं तबला, डावीकडं पेटी, पाठीशी दोन तानपुरे. तो त्या आवाजाच्या मधोमध बसलेला असतो आणि त्याचं चित्त काही विचलित होत नाही. चांगला सराउंड मिक्स मला त्या जागी नेऊन बसवतो. क्वीनच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'ची २००२ ची डीव्हीडी-ऑडिओ ऐका. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तल्या मधल्या भागात फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी आपलेच आवाज थरावर थर चढवलेत. ते थर आजूबाजूला उभे राहिले की तीन माणसांचा जमाव कसा झाला ते कळतं.

आणि समोर तोंड करूनच ऐकायचं म्हणाल तर खासबागेचं मैदान आठवा. हलगीवाला एका जागी थांबतो का? तो आखाड्याच्या कडेनं फिरतो, आवाज डावीकडून सुरू होऊन पाठीमागं जातो, तरी आपली नजर पैलवानावरून हलत नाही.

@सुई_आणि_खाच, पाण्याचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही तबकड्या वाचवल्यात, त्याबद्दल मनापासून नमस्कार. पण तुमचा निकष तपासू या. 'जे दुकानातून आलं आणि कानात बसलं ते मूळ.' मग 'सार्जंट पेपर्स'चं काय? १९६७ ला बीटल्स मोनो (सगळा आवाज एकत्र, एकाच स्पीकरसाठीच्या) मिक्सच्या वेळी स्वतः हजर होते, खरा वेळ त्यावर गेला. स्टिरिओ मिक्स त्यांच्याशिवाय आणि घाईत झाला. तरी जगानं पुढं पन्नास वर्षं बहुतेक स्टिरिओच ऐकला. स्टिरिओ ऐकणारे सगळे छेडछाड करत होते का?

गाळलेल्या रश्शाबद्दल. किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बमच्या वेळी, १९६९ मध्ये, टेपवर फक्त आठ ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज घ्यायच्या आठच पट्ट्या होत्या. जागा करायला आधीचे ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढायची, कडा बोथट व्हायच्या. संगीतकार स्टीव्हन विल्सननं २००९ साली मिक्स करताना उतरवणीच्या आधीच्या टेपा वापरल्या. तिथं जे झाकलं गेलं होतं ते कुणी विचार करून झाकलेलं नव्हतं, यंत्राच्या मर्यादेनं झाकलं होतं. हा फरक तुम्ही मान्य करावा अशी विनंती.

रात्रपाळी_गोकुळशिरगाव

एवढा खर्च कशासाठी ते मला कळत नाही. जून २०२१ पासून ॲपल म्युझिकवर अ‍ॅटमॉस आहे. मी पाळी संपवून बसमध्ये हेडफोनवर 'अ‍ॅबी रोड' ऐकते. डिस्क नाही, सुतळी नाही. महिन्याला एका पिझ्झ्याच्या पैशात हजारो अल्बम. तुमची डिस्क खराब झाली तर परत कुठून आणणार?

लेथवाला (उद्यमनगर)

वरच्या ताईंचं खर्चाबद्दल बरोबर आहे, पण हेडफोनमध्ये पाठीमागचा आवाज गणितानं बनवलेला असतो. ते गणित सरासरी कानावर बेतलेलं, आणि प्रत्येकाच्या कानाची पाळी वेगळी. मला हेडफोनवर मागचा आवाज नेहमी डोक्याच्या वर वाटतो, मागं नाही. खऱ्या स्पीकरला ही अडचण नाही.

खर्च कमी करायचा तर आपल्या गावासारखी सोय दुसरीकडं मिळणार नाही. मी स्पीकरचे स्टँड ओतीव लोखंडाचे केलेत. शेजारच्या फाउंड्रीत तळपाट ओतून घेतले, लेथवर तोंड मारलं, मधल्या पाइपात रंकाळ्याकाठच्या बांधकामावरची उरलेली वाळू धुऊन, वाळवून भरली. पाइपावर टिचकी मारली की आधी टण्ण व्हायचं, आता ठप्प होतं. गाण्यातला खालचा सूर त्यानं सुधारला, हे मी पैजेवर सांगतो. मागचे दोन स्पीकर जुन्या बाजारातले आहेत, पुढच्यांशी जुळत नाहीत, तरी चालतं. रिसीव्हरमध्ये अंतर आणि पातळी नीट भरा, निम्मं काम तिथं होतं.

न_उघडलेला_खोका (इचलकरंजी)

प्लास्टिकसकट ठेवणाऱ्यांबद्दल धागाकर्त्यानं लिहिलंय, म्हणून माझी बाजू. माझ्याकडं सत्तरीतल्या सीडी-४ पद्धतीच्या क्वाड एलपी आहेत. यात मागच्या स्पीकरची माहिती खाचेतच ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेली असते, माणसाच्या कानाच्या पलीकडं. ती वाचायला शिबाटा घाटाची सुई लागते. साध्या शंकूच्या सुईनं काही वेळा वाजवली की ती लहर झिजते. पुढचं गाणं राहतं, मागचं मरतं. त्यामुळं अशी एलपी कुणी न वाजवता ठेवली असेल तर तिच्यात चारही कोपरे अजून जिवंत आहेत. मी हौसेनं साठवत नाही, जपतोय.

चार_कोपरे

@न_उघडलेला_खोका, सीडी-४ च्या बाबतीत माझं वाक्य मागं घेतो. माझा रोख एसएसीडी आणि ब्लू-रेवर होता. त्यांना सुई लागत नाही, वाजवून झिजत नाहीत, तरी लोक भाव वाढायची वाट बघत गुंडाळून ठेवतात. छपाई बंद झाली की शिल्लक राहिलेल्या डिस्क या लोकांच्या कपाटात जातात आणि ज्याला ऐकायचंय त्याला मिळत नाहीत. याचा मला खरोखर त्रास होतो.

@रात्रपाळी_गोकुळशिरगाव, ताई, तुम्ही ऐकता ते ऐकत राहा, ते काही कमी नाही. फरक एवढाच की स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस सेकंदाला ७६८ किलोबिटमध्ये दाबून बसवलेला असतो आणि ब्लू-रेवर तो काही न गमावता येतो. शिवाय सत्तरीतले बरेच क्वाड मिक्स स्ट्रीमिंगवर सापडत नाहीत. ब्लॅक सॅबथच्या 'पॅरानॉइड'चा जुना क्वाड ऱ्हायनोच्या क्वाडिओ मालिकेत २०२३ ला ब्लू-रेवर आला, आता तो शिबाटा सुईशिवाय ऐकता येतो. आणि डिस्क खराब झाली तर काय, हा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर माझ्याकडं एकच: दुसऱ्या मजल्यावर ठेवतो.

सुई_आणि_खाच

उतरवणीच्या टेपांचा मुद्दा मान्य. किंग क्रिमसनपुरता मी माघार घेतो, तिथं काजळी पुसली असं म्हणता येईल. मोनोबद्दल म्हणाल तर 'सार्जंट पेपर्स' मी मोनोच ऐकतो, त्यामुळं माझा निकष मोडत नाही.

पण 'डार्क साइड' सोळा ट्रॅकवर, अ‍ॅबी रोड स्टुडिओत, अवधी घेऊन झालेला अल्बम आहे. तिथं यंत्राची अडचण सांगून चालणार नाही. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये गायिका क्लेअर टोरीचा गळा पियानोतून वर येतो. पियानो समोर आणि बाकीचं भोवती असं वाटलं तर ते वर येणं राहतं का, एवढंच मला स्वतःच्या कानानं बघायचंय. कुणाच्या सांगण्यावरून मी मत बदलणार नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून धरूनही ठेवणार नाही.

चार_कोपरे

मग याच रविवारी या. राजारामपुरीत कुठल्या गल्लीत ते निरोपात कळवतो. आधी स्टिरिओ, मग पार्सन्सचा क्वाड, मग गथ्रीचा पाच-एक. २०११ च्या मोठ्या पेटीत क्वाड आणि पाच-एक दोन्ही आहेत. तिन्हीची पातळी मीटरनं सारखी करून ठेवतो, कारण जरा मोठं वाजलं की कानाला तेच चांगलं वाटतं आणि मग तुलना खोटी ठरते. मधली खुर्ची तुमची. देवल क्लबवाले काका, तुम्हीही या, मुलाला घेऊन.

सुई_आणि_खाच

येतो. स्टिरिओसाठी माझी एलपी लागेल, पुराच्या पाण्यातली. दोन्ही बाजू सलग, मध्ये चहा नाही. तुमच्या सुईचा दाब किती ठेवलाय?

चार_कोपरे

पावणेदोन ग्रॅम. तुम्ही आल्यावर तुमच्या काट्यावर परत मोजू.

देवल_क्लबचा_श्रोता

आम्ही दोघं येतो. मला कडेची खुर्ची चालेल.