आई-बाबांसोबत लंडनमध्ये पाच दिवस: तिथे राहणाऱ्यांचा सल्ला हवा आहे

वाटसरू

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन लंडनला येत आहे. पाच दिवस पूर्ण मोकळे आहेत. दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. सपाटीवर तासन्‌तास चालतात, पण बाबांच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या, तर त्यांत एकेका दिवसात नऊ-दहा ठिकाणे कोंबलेली आहेत आणि बसच्या खिडकीतून दिसलेली इमारतही 'पाहिली' म्हणून धरलेली आहे. तसे पाहायचे नाही. तिथे राहणारे लोक आपल्या पाहुण्यांना शहर कसे दाखवतात, हे जाणून घ्यायचे आहे. भुयारी रेल्वे बरी की बस, हॉटेल कोणत्या भागात घ्यावे, आणि तिघांचे तिकीट एकाच बँक कार्डावर निघते का, एवढे कृपया सांगावे. बाबांना इतिहासाची आवड आहे. आपल्याकडच्या थोर माणसांच्या काही खुणा तिथे असतील तर त्याही सांगाव्यात.

थेम्सकाठ

मी गेली चौदा वर्षे लंडनच्या आग्नेय भागात राहतो आणि दर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना हे शहर दाखवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे येते. पहिली दोन वर्षे मीही हातात यादी घेऊन धावत होतो. मग लक्षात आले की पाहुणे शहरापेक्षा रेल्वेचे फलाटच जास्त पाहून परत जातात. तेव्हापासून एकच नियम पाळतो: एका दिवसाला शहराचा एकच तुकडा घ्यायचा, आणि तिथे पोहोचल्यावर संध्याकाळपर्यंत रेल्वेचे नाव काढायचे नाही.

नवख्या माणसाची फसगत नकाशापासून सुरू होते. भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध रंगीत नकाशा हॅरी बेक या विजेच्या जोडण्यांच्या आकृत्या काढणाऱ्या माणसाने १९३१ मध्ये आखला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला. त्यातल्या रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा तिरक्या आहेत. मधला दाटीचा भाग ताणून मोठा केला आहे आणि दूरची उपनगरे आत ओढून घेतली आहेत. गाडी कुठे बदलायची हे त्यातून चटकन कळते, अंतर मात्र मुळीच कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमध्ये जेमतेम पाव किलोमीटरचे अंतर आहे. तरीही पाहुणा सरकत्या जिन्याने खोल उतरतो, गाडीची वाट पाहतो, मिनिटभराचा प्रवास करतो आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या रांगेत उभा राहतो, कारण तिथून वर यायचा दुसरा मार्ग १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. रस्त्याने चालत गेले असते तर पाच मिनिटांत पोहोचून कुठेतरी टेकलेही असते.

तुमच्या बाबांसाठी पहिला दिवस नदीच्या दक्षिण काठाला द्यावा असे मी म्हणेन. वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंत काठाकाठाने सुमारे चार किलोमीटरची वाट आहे. ती जवळजवळ सगळी सपाट असून ठिकठिकाणी बाके आहेत. मध्यावर टेट मॉडर्न लागते. हे कलासंग्रहालय एका जुन्या वीजकेंद्रात २००० साली सुरू झाले. तिथे कायम संग्रहाला तिकीट नाही, लिफ्ट आहेत आणि स्वच्छतागृहेही आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. चित्रांत दिसतो तो दोन मनोऱ्यांचा, १८९४ साली खुला झालेला पूल म्हणजे टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज हा त्याच्या अलीकडचा, १९७३ सालचा साधा काँक्रीटचा पूल आहे. दरवर्षी माझा एकतरी पाहुणा त्या साध्या पुलावर उभा राहून मला फोन करतो आणि मनोरे कुठे गेले म्हणून विचारतो.

जुन्या नगराचा भाग, म्हणजे सेंट पॉल कॅथेड्रलच्या आसपासचा 'सिटी' म्हणवला जाणारा चौरस मैल, कामाच्या दिवशीच पाहावा. शनिवार-रविवारी तिथली बरीच दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात आणि रस्ते ओस पडलेले असतात. १६६६ च्या मोठ्या आगीचे स्मारक तिथेच आहे. त्या स्तंभाची उंची २०२ फूट आहे, आणि आग जिथे लागली त्या पुडिंग लेनमधल्या जागेपासून तो २०२ फुटांवरच उभा केलेला आहे. आत ३११ पायऱ्या आहेत. त्या तुम्ही चढा, बाबांना खाली बसू द्या.

तिसरा दिवस ग्रीनिचला. जाताना नदीतल्या बोटीने जावे आणि परतताना डॉकलँड्सच्या हलक्या रेल्वेने यावे. या गाडीला चालकाची खोली नसते, त्यामुळे सर्वांत पुढच्या आसनावर प्रवाशालाच बसता येते. लहान मुलांसाठी म्हणून राखलेली ती मौज माझ्या सासऱ्यांनी तीनदा घेतली.

राहिलेल्या दोन दिवसांत अर्ध्या दिवसाला एक याप्रमाणे संग्रहालये ठेवावीत. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी या दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे आणि दोन्ही शुक्रवारी रात्रीपर्यंत उघडी असतात. दुपारी तीनच्या गर्दीत जाण्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर गेलात तर चित्रासमोर निवांत उभे राहता येते.

जुना भाडेकरू

वरील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु रेल्वेचे नावच काढायचे नाही हा आग्रह मला पटत नाही. सकाळी आणि संध्याकाळी मध्यवर्ती लंडनमध्ये वाहतूक इतकी तुंबते की ऑक्सफर्ड स्ट्रीटवर बसपेक्षा पायी चालणारा माणूस आधी पोहोचतो. लांबचा पल्ला रेल्वेने आणि जवळचा बसने किंवा पायी, असे धोरण ठेवावे. गुडघ्यांच्या दृष्टीने सांगायचे तर भुयारी रेल्वेच्या सुमारे एक तृतीयांश स्थानकांवरच पायऱ्यांशिवाय ये-जा करता येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेमार्गाच्या मात्र प्रत्येक स्थानकावर ही सोय आहे, आणि ती थेट हीथ्रो विमानतळावरून मध्यवस्तीत येते. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनचे भाडे तिच्याहून कमी आहे, पण सामानासह आणि वडीलधाऱ्यांसह येताना तेवढे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. पायऱ्या नसलेली स्थानके दाखवणारा वेगळा नकाशा वाहतूक खात्याने काढलेला आहे; तो आधीच मोबाइलवर उतरवून घ्यावा.

तिकिटाबद्दल: एका कार्डावर तिघांना जाता येत नाही. प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड हवे आणि दिवसभर तेच वापरायला हवे, कारण दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि ती त्या एका कार्डावर मोजली जाते. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाला जोडलेला मोबाइल वापरला, तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी धरते. रेल्वेत चढतानाही कार्ड टेकवायचे आणि बाहेर पडतानाही; बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली, तर तिचे वेगळे भाडे पडत नाही.

हॉटेल निवडताना पिनकोडवरून अंदाज बांधू नये. सुरुवातीची अक्षरे दिशा सांगतात, पण पुढचा आकडा अंतर सांगत नाही. प्रत्येक दिशेला पहिला क्रमांक मध्यवस्तीच्या बाजूच्या भागाला देऊन पुढचे क्रमांक विभागांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने दिलेले आहेत. त्यामुळे एसई २ म्हणजे ॲबी वुड हा भाग शहराच्या टोकाला आहे आणि एसई १६ म्हणजे रॉदरहाइथ नदीच्या वळणावर, टॉवर ब्रिजपासून फार लांब नाही. पॅडिंग्टन किंवा फॅरिंग्डनच्या आसपास खोली परवडली तर घ्यावी, कारण दोन्हीकडे एलिझाबेथ लाइन आहे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. रस्त्याच्या कडेला उभे राहून मोबाइलवर नकाशा पाहू नये. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाच्या हातातला फोन मागून आलेल्या सायकलस्वाराने हिसकावला. तो ओरडेपर्यंत सायकल चौक ओलांडून गेली होती. नकाशा पाहायचा असेल तेव्हा भिंतीकडे सरकावे किंवा दुकानाच्या दारात उभे राहावे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे, हेही आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. डावी बाजू घाईत असलेल्यांची असते आणि इथले लोक बोलत नाहीत, पण उसासे फार मोठ्याने टाकतात.

निळी पाटी

बाबांच्या इतिहासाच्या आवडीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. थोर व्यक्ती जिथे राहिल्या त्या घरांवर निळ्या गोल पाट्या लावण्याची पद्धत लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. त्यांपैकी दोन पाट्यांना जोडणारी एक वाट मी माझ्या वडिलांसोबत चाललेली आहे. तुमच्या बाबांनाही ती आवडेल असे वाटते.

वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकापासून थोड्या अंतरावर हाऊली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते इंग्लंडला आले होते, आणि १९१८-१९ मध्ये या घरात राहिल्याची नोंद पाटीवर आहे. घर खासगी आहे, त्यामुळे समोरच्या पदपथावरूनच नमस्कार करावा. तिथून काही पावलांवर 'लिटल व्हेनिस' म्हणतात ते कालव्यांचे मीलनस्थान आहे, आणि रीजंट्स कॅनॉल तिथूनच पूर्वेकडे निघतो. एडवेअर रोडपाशी हा कालवा बोगद्यात शिरतो आणि काठावरची वाट तुटते. तेवढा भाग वरच्या रस्त्याने चालून लिसन ग्रोव्हपाशी पुन्हा खाली उतरावे.

पुढे रीजंट्स पार्कच्या कडेने जाताना मॅकल्सफील्ड ब्रिज लागतो. तिथे दोन मिनिटे थांबा. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे दारूगोळा वाहणाऱ्या बोटीचा या पुलाखाली स्फोट झाला आणि पूल उडाला. त्याचे लोखंडी खांब शाबूत राहिले. नवा पूल बांधताना तेच खांब पुन्हा उभे केले, मात्र उलट्या बाजूने फिरवून. त्या काळी बोटी ओढणारे घोडे काठावरून चालत आणि त्यांचे दोर खांबांना घासत. त्यामुळे या खांबांवर दोन्ही बाजूंना खाचा पडलेल्या आहेत: एका बाजूच्या स्फोटापूर्वीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. खाचेत बोट घातले तर चांगले आत जाते. माझ्या वडिलांनी सगळे खांब चाचपून पाहिल्याशिवाय तिथून पाय काढला नाही.

प्राणिसंग्रहालय मागे पडले की वर यावे आणि प्रिमरोज हिलच्या टेकडीवरून शहर पाहून पलीकडे उतरावे. चढण गवताच्या उतारावरची आहे, जिने नाहीत. उतरल्यावर थोड्याच वेळात किंग हेन्रीज रोड येतो. तिथल्या १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनमधले बॅरिस्टरीचे शिक्षण अशा दोन्ही गोष्टी तेव्हा चालू होत्या. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि आता ते स्मारक म्हणून आतून पाहता येते. वेळा मात्र निघण्यापूर्वी तपासून घ्याव्यात. लोकमान्यांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंतचे हे अंतर चार-साडेचार किलोमीटर भरते. परतीसाठी चॉक फार्म स्थानक जवळच आहे.

वेळ उरलाच तर हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे 'इंडिया हाऊस'ची इमारत आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते, आणि सावरकर तिथे राहत असत. तिथे सावरकरांच्या नावाची पाटी आहे, आणि तिच्यावरही टिळकांच्या पाटीप्रमाणेच 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वचिंतक' अशाच अर्थाचे शब्द आहेत. मात्र हायगेटचा चढ खरोखर दमवणारा आहे, त्यामुळे ते त्याच दिवशी करू नये.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. कालव्याच्या वाटेचे बाबांना वाचून दाखवले, तेव्हापासून सगळी आखणी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे आणि मला फक्त तिकिटे काढण्यापुरते ठेवले आहे. एकच शंका उरते: ही वाट शनिवारी चालावी की मधल्या एखाद्या दिवशी, आणि सकाळी की दुपारी?

निळी पाटी

शनिवार टाळा. काठावरची वाट अरुंद आहे, सायकली मागून घंटी वाजवत येतात आणि सुट्टीच्या दिवशी कॅम्डनच्या बाजूने गर्दीचा लोंढा येतो. आईला दर दोन मिनिटांनी भिंतीला चिकटून उभे राहावे लागेल. बाबासाहेबांच्या घराच्या वेळा पाहून मधला एखादा दिवस निवडा आणि दुपारचे जेवण आटोपून निघा. स्मारक लवकर बंद होणार असेल तर आधी तिथे जाऊन क्रम उलटा करा: किंग हेन्रीज रोडवरून सुरुवात आणि हाऊली प्लेसला शेवट. तुम्ही येणार त्या आठवड्यात सूर्य सव्वासातनंतर मावळतो, त्यामुळे उजेडाची चिंता नाही. पाठीवर एखादे पातळ जाकीट असू द्या. टेकडीवर वारा असतो, आणि माथ्यावर पोहोचलेला इतिहासप्रेमी माणूस लवकर खाली उतरत नाही, हा माझा अनुभव आहे.