सिमोन सिन्योरे : वय न झाकण्याचा निर्णय की नाइलाज?

सायंतारा (धागालेखक)
फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिन्योरे (१९२१–१९८५) हिने ऑस्करनंतर स्वतःकडे दुर्लक्ष केले आणि हातची कारकीर्द घालवली, हे मत मला मुळातच पटत नाही. १९६० साली तिला ऑस्कर मिळाले ते 'रूम ॲट द टॉप'मधील तरुण नायकाच्या प्रेमात उद्ध्वस्त होणाऱ्या विवाहितेसाठी, म्हणजे चाळिशीकडे झुकलेला चेहरा तेव्हाच तिचे भांडवल झाला होता. पुढे ती अंगाने सुटली, चेहरा सुरकुतला, पण पडद्यावर तिने काहीही झाकले नाही. 'ल शा' (१९७१) मध्ये ती आणि अभिनेता जाँ गाबँ हे एकाच घरात अबोला धरून चिठ्ठ्यांवर संसार रेटणारे जोडपे आहे. नवऱ्याचा सगळा जीव मांजरावर आहे हे पाहणारी तिची नजर सडपातळ, नटव्या नायिकेला पेलली नसती.

उंबरठा
उदाहरण तुम्हीच दिलेत म्हणून विचारतो. गाबँचा जन्म १९०४ चा, म्हणजे पन्नाशीच्या सिमोनला सतरा वर्षांनी मोठ्या पुरुषाची बायको केले गेले. तिचा खऱ्या आयुष्यातला नवरा, अभिनेता इव्ह मोंताँ हाही १९२१ चाच. पण १९७२ च्या 'सेझार ए रोझाली'मध्ये तो १९३८ साली जन्मलेल्या रोमी श्नायडरचा प्रियकर होता. एकाच घरात, एकाच वयाचे दोघे! अशा वेळी तिने वार्धक्य 'स्वीकारले' असे म्हणणे म्हणजे चित्रपटव्यवसायाचा पक्षपात तिच्या धैर्याच्या खात्यावर जमा करणे होय.

सायंतारा
पक्षपात होताच, तो मी नाकारत नाही. परंतु 'मादाम रोझा' (१९७७) कशी विसरता? वडील ज्यू, त्यामुळे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये कामिन्केर हे आडनाव सोडून आईचे सिन्योरे लावावे लागलेली ही बाई छप्पन्नाव्या वर्षी ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली, जिना चढताना धापा टाकणारी, स्वतःपेक्षा बरीच म्हातारी स्त्री साकारते आणि सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळवते. तिथे वय वाढवायची सक्ती कोणी केली नव्हती.

उंबरठा
'मादाम रोझा'बद्दल दुमत नाही, ती भूमिका थोरच आहे. मात्र मोंताँला 'सेझार ए रोझाली'त मिळाली तशी, प्रेमात पडणारी, हट्ट करणारी, हसरी भूमिका त्या दशकात पन्नाशीच्या सिमोनसाठी कोणी लिहिली होती, तेवढे दाखवा. मग तुमचा मुद्दा मान्य करीन.