पळणं सुटलं होतं, पुन्हा धरलं : तुमचा अनुभव लिहा

दोन वर्षं सात महिने मी पळलो नव्हतो. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये पुन्हा सुरुवात केली. पहिल्यांदा पळायला लागणाऱ्यांसाठी सल्ले ढीगभर मिळतात, पण एकदा सुटलेलं पुन्हा धरताना काय होतं ते आपल्या माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून हा धागा काढतोय.

आधी माझं सांगतो. २०११ पासून पळतोय. राहायला दादरला, त्यामुळे शिवाजी पार्कचा कट्टा हेच मैदान. एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं मुंबई मॅरेथॉन झाली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये ती परत होणार म्हटल्यावर मी फुल मॅरेथॉनसाठी (४२ किलोमीटर) नाव घातलं आणि पाच आठवड्यांत आठवड्याचं पळणं ३० किलोमीटरवरून ५८ वर नेलं. दम छान टिकत होता, म्हणून पायही टिकतील असं धरून चाललो. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दुखायला लागलं. बाम लावला, पट्टी बांधली, पळत राहिलो. एमआरआय केला तेव्हा हाडाला बारीक चीर. नोव्हेंबरात पळणं बंद.

नंतर एका फिजिओने समजावलं ते तेव्हाच कळायला हवं होतं. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. छाती 'चल' म्हणते तेव्हा नडगी तयार असतेच असं नाही.

हाड वेळेत भरून आलं, पण मी परतलो नाही. वडिलांचं आजारपण होतं, ऑफिस ऐरोलीला गेलं होतं, कारणं खरी होती. पण त्यांच्या मागे लाज होती. ज्या कट्ट्यावर लोकांनी मला जोरात पळताना पाहिलंय, तिथेच रखडत जायचं, हे मनाला पटत नव्हतं.

जूनमध्ये पहाटे पाचला, अंधारात सुरू केलं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. एकूण २४ मिनिटं, एक दिवसाआड. चौथ्या की पाचव्या दिवशी कट्ट्यावर रोज बसणारे एक आजोबा म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी दिसलात. पाय बरा आहे का?" मी लंगडत होतो ते त्यांच्या लक्षात होतं. माझा वेग त्यांना आठवतही नव्हता. त्या दिवसापासून मी उजेडात पळायला लागलो.

तुम्ही लिहा. पदक आणि टायमिंग नंतर. पहिल्या आठवड्यात नेमकं काय केलंत, कुठे अडलात, कोणी हात दिला, ते सांगा.

परळहून, वय २७

दादा, हे मी पहिल्यांदाच उघडपणे लिहितेय. मला टीबी झाला होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, खोकला तीन आठवडे हटत नव्हता, वजन ५२ वरून ४४ वर आलं. मला वाटायचं ट्रेनिंग जास्त होतंय. एक्स-रे काढला आणि सगळं उघड झालं.

सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून रडले. महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरने शांतपणे सांगितलं की तो एका औषधाचा रंग आहे, काही बिघडलेलं नाही. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यात यायचे. आई त्यातून अंडी आणि शेंगदाणे आणायची आणि समोर बसून खायला लावायची.

पळणं दूरच, स्टेशनचा पूल हीच माझी परीक्षा होती. चाळीसेक पायऱ्या. पहिल्या महिन्यात दोनदा थांबायचे, मागचे लोक वैतागायचे. मी कठड्याला चिकटून उभी राहायचे आणि पायऱ्या मोजायचे. तिसऱ्या महिन्यात एकदाच थांबले. पाचव्या महिन्यात एका दमात वर गेले आणि पुलावर भर गर्दीत मला रडू फुटलं.

गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून हो म्हटलं, मगच माटुंग्याला फाइव्ह गार्डन्समध्ये पळायला गेले. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात व्रण राहिलाय. पूर्वी दहा किलोमीटर ५८ मिनिटांत व्हायचे, आता ७१ लागतात. ग्रुपच्या दादांना सांगताना जीभ जड झाली होती. त्यांनी एकच विचारलं, "गोळ्या पूर्ण केल्यास ना?" आणि रविवारी मला शेजारी घेऊन पळाले.

ज्यांना खोकला आहे आणि वजन उतरतंय त्यांनी कृपा करून शूज बदलत बसू नका. आधी तपासून घ्या.

बोरिवलीहून

सिझेरियन झाल्यावर सातव्या आठवड्यात मी पळायला गेले, कारण फोनवर सगळ्या बायका तशाच पळताना दिसत होत्या. दोनशे मीटर गेले असेन. टाके ओढले गेल्यासारखं झालं आणि लघवी सुटली. काळी लेगिंग होती म्हणून कोणाला कळलं नाही. ओढणी कमरेला गुंडाळून घरी आले. एका डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं होतंच. होतं हे खरं, पण त्यावर उपाय असतो हे त्यांनी सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

उपाय एका महिला फिजिओने सांगितला. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गरोदरपणात सैल पडतात, त्यांना वेगळा व्यायाम लागतो. बारा आठवड्यांच्या आत पळायचंच नाही, आणि बारा आठवडे झाले म्हणून लगेच पळायचं असंही नाही. आधी अर्धा तास भरभर चालता यायला हवं, एका पायावर दहा उड्या मारता यायला हव्यात, आणि त्यात थेंबही गळता कामा नये. मला पाच महिने लागले.

मग नॅशनल पार्क. गेटपासूनच्या सपाट रस्त्यावरच पळायचे, कान्हेरीच्या चढाकडे नुसतं बघायचे. तो चढ बाळ दहा महिन्यांचं झाल्यावर चढले. निघताना सासूबाई म्हणायच्या, "जा तू, मी आहे. पण पाजून जा." त्यात दोन्ही सोयी होत्या, बाळही शांत आणि माझी छातीही हलकी. ज्यांच्या घरी असं म्हणणारं कोणी नाही, त्यांचं पळणं किती अवघड असेल हे मला तेव्हा कळलं.

वरळीहून, वय ६३

नमस्कार मंडळी. बेस्टमध्ये चालक होतो. निवृत्तीच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. त्याआधी वरळी सीफेसवर रोज आठ किलोमीटर पळत असे, त्यामुळे 'मला कसं काय?' हाच प्रश्न सहा महिने डोक्यात होता. आमच्या घराण्यात हे आहे, पळण्याने ते टळलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, पळत होतात म्हणून लवकर उभे राहिलात.

पहिले तीन महिने फक्त चालणं. मग टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची चाचणी, मग परवानगी. मुलाने ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं आणि वयावरून पळताना ठोके किती असावेत ते गणित शिकवलं. मी जी गोळी घेतो ती नाडीचा वेगच कमी ठेवते, त्यामुळे वयावरून काढलेले ते आकडे मला लागूच पडत नाहीत. हे डॉक्टरांना विचारलं म्हणून कळलं. तुमच्यापैकी कोणी तशी गोळी घेत असेल तर जरूर विचारा.

मग मी माझी युक्ती काढली. पळताना एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी. दोन ओळींच्या मध्ये धाप लागली की चालायचं. शाळेत हाच पाढा येत नाही म्हणून मार खाल्ला होता, आता दोनशे नव्वदपर्यंत सलग म्हणत समुद्राकडून परत येतो. मुलगा सोबत असला तर तोही म्हणतो.

चेंबूरहून

माझं थोडक्यात. वर्षभर मला वाटत होतं की वय झालं, चाळिशी आली. तीन किलोमीटरला पाय शिशाचे व्हायचे. दोन जोड्या बूट बदलले. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. बायकांचं १२ च्या वर हवं. पाळीत खूप जात होतं आणि मी ते अंगावर काढत होते. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर दोन तासांनी. चहा लोह शोषू देत नाही, आणि मी आधी गोळी चहाबरोबरच घ्यायचे. चार महिन्यांत ११.९ झालं. परळच्या ताईचं वाचून लिहावंसं वाटलं.

अंधेरीहून

जुलैचा पाऊस, पाण्याखाली खड्डा, घोटा मुरगळला. सूज तीन आठवड्यांत गेली आणि मी बरा झालो असं समजलो. दोन महिन्यांत तोच घोटा पुन्हा दोनदा मुरगळला. फिजिओ म्हणाली, स्नायुबंध जुळला, पण तोल गेलाय. आता रोज दात घासताना दुखऱ्या पायावर एक मिनिट उभा राहतो, जमलं की डोळे मिटून. पावसाळ्यात पाणी साठलेल्या रस्त्यावर पळणं मी बंद केलंय, इमारतीचे जिने चढतो.

गिरगावहून

सगळ्यांचं वाचलं. मला काही दुखापत झाली नव्हती.

मला बाबांनी पळायला शिकवलं, चौपाटीच्या वाळूवर. मोठा झाल्यावर मी मुंबई मॅरेथॉनची हाफ पळायला लागलो. माहीमला सुरू होते, सी लिंकवरून वरळी, हाजी अली आणि मग पेडर रोडचा चढ. बाबा दरवर्षी तिथे उभे असायचे. हातात स्टीलचा डबा, त्यात संत्र्याच्या फोडी, वर मिठाची चिमूट. माझ्यासाठी आणलेल्या, पण मी येईपर्यंत निम्म्या वाटून झालेल्या असायच्या. मला फोड द्यायचे आणि म्हणायचे, "वर बघू नकोस, पुढच्या खांबाकडे बघ." २०२० च्या जानेवारीत शेवटचं म्हणाले. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. आम्हाला त्यांना नीट पाहताही आलं नाही.

१५ जानेवारी २०२३ ला मॅरेथॉन परत झाली तेव्हा मी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणून ठेवलं होतं. पहाटे तीनला उठलो, कपडे घातले, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि पलंगावर बसून राहिलो. उजाडलं तसं बूट काढून ठेवले. पूर्ण वर्ष एक किलोमीटरही पळालो नाही. लोक म्हणायचे, बाबांसाठी पळ. त्याने काहीच व्हायचं नाही. त्या चढावर ते नसणार, एवढंच डोळ्यांसमोर यायचं.

२०२४ च्या जानेवारीत आई म्हणाली, "तू पळू नकोस, पण डबा घेऊन जा." आदल्या रात्री आम्ही दोघांनी दोन डझन संत्री सोलली. शिरा काढत बसलो, बाबा काढायचे तशा. सकाळी त्यांच्याच जागेवर जाऊन उभा राहिलो. आधी हात पुढे होईना. मग एक गृहस्थ, बाबांच्याच वयाचे, चढावर चालत येत होते. पायात गोळा आला होता. त्यांनी स्वतःच डब्यात हात घातला, फोड तोंडात टाकली, माझ्या खांद्याला धरून अर्धा मिनिट उभे राहिले आणि गेले. काही बोलले नाहीत. नंतर डबा कधी रिकामा झाला मला कळलं नाही.

फेब्रुवारीत चौपाटीवर पळायला गेलो. वाळूत दहा मिनिटं. २०२५ ला हाफ पळालो, २ तास ४१ मिनिटं. पेडर रोडला डबा आईच्या हातात होता. मी थांबलो, फोड घेतली. मीठ जरा जास्त झालं होतं.

कांदिवलीहून

मी याच सोमवारपासून सुरू केलंय, चार वर्षांनी. धागाकर्त्यांच्या हिशेबाने एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. आज तिसरा दिवस. दोन्ही पोटऱ्या आणि नडग्या दुखतायत. थांबू की चालू ठेवू? वरचं सगळं वाचून धीर आलाय पण भीतीही वाटते.

दादरहून, धागाकर्ता

गिरगावकर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. येत्या जानेवारीत पेडर रोडला मी संत्री घेऊन येतो, आईंना सांगा.

कांदिवलीकर, दोन्ही पाय सारखेच दुखत असतील, दुखणं पसरट असेल, आणि पाच मिनिटं चालल्यावर कमी होत असेल तर बहुतेक स्नायू कुरकुरतायत. उद्या आराम करा, परवा तेवढंच पळा, वाढवू नका. पण नडगीवर अंगठ्याने वरून खाली दाबत या. एकाच जागी बोट ठेवून 'इथे' असं सांगता येत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर एक पाऊलही पळू नका आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. मला ती जागा पहिल्या दिवसापासून माहीत होती.