रि: रि: दिवाळी कार्यक्रमाची मीटिंग – रविवारी ९ म्हणजे पुण्यात किती?

वहिनी (सचिव) – सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, मीटिंगच्या वेळेसाठीचा गूगल फॉर्मवरचा पोल बंद केला. १९ जणांनी भरला. आपल्या न्यू जर्सीच्या वेळेने शनिवार १ नोव्हेंबर सकाळी ७:३० ला ६, रविवार २ तारखेला सकाळी ९ ला १४, रविवारी संध्याकाळी ७ ला ८. मतं रविवार सकाळला जास्त आहेत हे मलाही दिसतंय. पण पुण्याच्या अक्कांनी तिथे 'नाही' लिहिलंय, आणि त्यांच्याशिवाय एकांकिकेच्या एंट्र्या आणि लाइट्स ठरणार नाहीत. संध्याकाळी ७ ला पुण्यात सोमवारची पहाट. म्हणून शनिवार ७:३० नक्की करते. कार्यक्रम ८ तारखेला आहे, आता पुढे ढकलायला दिवस नाहीत.

भाऊ (खजिनदार) – सोमवार, रात्री ११:१५

वहिनी, १४ जण रविवार म्हणतात आणि आपण ६ जणांचा शनिवार घेतो, हे मला पटत नाही. शुक्रवारी हॅलोवीन. मुलं दहापर्यंत दारोदार फिरणार, मग घरी येऊन चॉकलेटांची वाटणी. शनिवारी साडेसातला माझ्या तळघरात कोण येणार? नेपथ्यवाल्या दोघांची रात्रपाळी सातला सुटते, त्यांनाही जमणार नाही. व्हॉट्सॲपवर मी वेगळा पोल टाकला होता, त्यात रविवारला ७ मतं आहेत. तीही धरा.

वहिनी – मंगळवार, सकाळी ६:५०

भाऊ, व्हॉट्सॲपचा पोल कोणाला विचारून टाकला? त्या सातांतले पाच माझ्या फॉर्ममध्येही आहेत. एकाच माणसाची दोनदा मोजणी होते. मीटिंग बोलावणं सचिवाचं काम आहे, कृपया दुसरा पोल चालवू नका.

दादा (वेबसाइट समिती) – मंगळवार, सकाळी ८:२०

थांबा, शनिवार नक्की करू नका. २ तारखेला पहाटे २ वाजता उन्हाळी वेळ संपून आपली घड्याळं एक तास मागे जाणार आहेत. आजच्या हिशेबाने आपले ९ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे ६:३०. रविवारी सकाळी मात्र तेच ९ पुण्यात ७:३० होतात. अक्का, तुम्ही साडेनऊ तास मिळवून उत्तर दिलं का? रविवारपासून साडेदहा मिळवायचे.

चूक अक्कांची नाही. गूगल फॉर्ममध्ये 'रविवार सकाळी ९' ही नुसती अक्षरं आहेत. ते ९ कुठले, हे फॉर्मला कळत नाही, ज्याने त्याने आपापली बेरीज करायची. डूडल या मीटिंगची वेळ ठरवायच्या वेबसाइटवर टाइम झोन धरून पोल केला की पुण्याच्या माणसाला पुण्याचीच वेळ दिसते. शिवाय हो आणि नाहीच्या मधला 'गरज पडल्यास' असा तिसरा पर्यायही मिळतो. गणपतीच्या वेळी मी हे लिहिलं होतं.

वहिनी – मंगळवार, सकाळी ८:४५

गणपतीच्या वेळी डूडल केलंही होतं. तेव्हा नानांना आणि आणखी चार जणांना जाहिरातींतून नावाचा रकानाच सापडेना, आणि शेवटी मी पाच फोन करून त्यांची उत्तरं स्वतः भरली. फॉर्म सगळ्यांना उघडतो म्हणून फॉर्म.

भाऊ – मंगळवार, सकाळी ९:०५

जाहिराती नको म्हणून पैसेवालं डूडल घ्यायचं असेल तर आधी कार्यकारिणीत ठराव करा. हॉलचा दुसरा हप्ता अजून द्यायचा आहे.

माई (लंडन) – मंगळवार, सकाळी ९:३०

मी न्यू जर्सीतलं एडिसन सोडलं तरी ही मेलची लिस्ट सोडली नाही, म्हणून लिहिते. आमची घड्याळं परवाच्या रविवारी, २६ ला मागे गेली. त्यामुळे या आठवड्यात तुमच्यात-आमच्यात चारच तास आहेत, आणि येत्या रविवारी पुन्हा पाच. मी रविवारचे ९ म्हणजे आमचा १ वाजता असं धरून 'हो' भरलं होतं, ते २ निघाले. मला दोन्ही चालतात. पण हा आठवडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी कोणीतरी चुकतं. तोंडी वेळ सांगू नका, कॅलेंडरचं आमंत्रण पाठवा. ते ज्याच्या त्याच्या गावची वेळ दाखवतं.

नाना (एडिसन) – मंगळवार, सकाळी ११:१०

माई, अगदी खरं. मी १९८२ साली आलो तेव्हा साताऱ्याला आमच्या घरी फोन नव्हता. वाड्यात समोरच्यांकडे होता. मी रविवारी सकाळी आठला लावायचा आणि आई संध्याकाळी साडेपाचला त्यांच्या ओटीवर येऊन बसायची, असं ठरलेलं. तेव्हा घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलायचं, नोव्हेंबरचा पहिला रविवार २००७ पासून आला. मी आलो त्या पहिल्या वर्षी घड्याळ बदलल्यावरही मी आठलाच लावला, तर तिथे साडेसहा झालेले. आई तासभर फोनशेजारी बसून होती. समोरच्यांची जेवणं खोळंबली, आणि ती मात्र 'पोराचं काही बरंवाईट तर नाही ना' म्हणून उठायला तयार नाही. फोनवर आधी रडली, मग बोलली. त्यानंतर मी ऑक्टोबरच्या पत्रात न चुकता लिहायचो, 'आता साडेसहाला ये'.

डूडल मला दिसत नाही हे खरं आहे. वहिनी, फॉर्म बंद करू नका.

अक्का (पुणे) – मंगळवार, सकाळी ११:५०

सगळ्यांना नमस्कार. दादा, तुमचा अंदाज बरोबर आहे. मी कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीने '९ + ९॥ = ६॥' असं मांडून उत्तर दिलं. माझी मुलांची तालीम सहा ते सात असते, म्हणून 'नाही'. साडेसात असतील तर मी अगदी मोकळी आहे, नऊपर्यंत बसते. तुळशीचं लग्न पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं, आमच्याकडे यंदा मंगळवारी आहे, त्याची अडचण नाही. वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला शनिवार धरावा लागला, वाईट वाटलं.

एक विनंती. दुसऱ्या एंट्रीचा दरवाजा उजवीकडे उघडतो की डावीकडे, याचा फोटो कोणीतरी हॉलवर जाऊन पाठवा. त्यावाचून मी मीटिंगमध्ये हवेतच बोलणार.

भाऊ – मंगळवार, दुपारी १२:३०

फोटो मी गुरुवारी काढतो. रविवारी कार्तिकी आहे. आमच्याकडे उपास असतो, आणखी चार-पाच जणांकडेही असेल. मी बटाटेवडे सांगितले होते, ते रद्द करून साबुदाण्याची खिचडी करू का?

दादा – मंगळवार, दुपारी १:००

पैशाच्या डूडलची गरज नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की पुढच्या फॉर्ममध्ये प्रत्येक पर्यायापुढे तिन्ही गावांची वेळ त्या तारखेप्रमाणे लिहावी. फॉर्म तयार झाला की पाठवण्याआधी मला दाखवा, दोन मिनिटांत तपासून देतो.

वहिनी – मंगळवार, रात्री ९:२०

वेळा लिहीन, आणि दादा, तपासायलाही पाठवीन. फॉर्म मात्र माझ्याकडेच राहील, उत्तरं दोन ठिकाणी गेली की मला मेळ लागत नाही. अक्का, तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका. 'नाही' बघितल्यावर मीच फोन करून कारण विचारायला हवं होतं.

मीटिंग: रविवार, २ नोव्हेंबर. न्यू जर्सी सकाळी ९, लंडन दुपारी २, पुणे संध्याकाळी ७:३०. जागा भाऊंचं तळघर, बाकीच्यांना झूम. कॅलेंडरचं आमंत्रण आत्ता पाठवलंय, त्यात 'हो' दाबा. शनिवारचं कोणी मनात धरलं असेल तर सोडून द्या.

नाना – मंगळवार, रात्री ९:५५

आमंत्रण आलं, 'हो' दाबलं. अक्कांना दूरध्वनी करून विचारलं, त्यांच्याकडे ७:३० दिसतंय. स्वयंपाकघरातलं आणि गाडीतलं घड्याळ आपोआप बदलत नाही, ते शनिवारी झोपण्याआधी मागे करा. गाडीतलं घड्याळ पाहून निघालात तर भाऊंच्या दारात आठलाच उभे राहाल.

भाऊ – मंगळवार, रात्री १०:१०

आठला आलात तरी दार उघडं आहे नाना, चहा तयार असेल. खिचडी नक्की. अर्धी दाण्याच्या कुटाशिवाय करतो, प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या मुलीला शेंगदाणे चालत नाहीत.