मदत हवी आहे: आईच्या झडपेचं ऑपरेशन, फुप्फुसातला दाब ७८. आधी दाब उतरवायचा की आधी झडप बदलायची?

नमस्कार. नागपूरहून लिहिते आहे. आई ५४ वर्षांची, काटोलकडे गावी राहते, घरची संत्र्याची बाग आहे. दोन वर्षांपासून तिला धाप लागते. आधी बागेत फिरताना लागायची, मग घरातल्या घरात, आता तर रात्री तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. गावाकडे दमा समजून पंप चालू होता. मागच्या महिन्यात पायांवर सूज दिसली तेव्हा इकडे आणून टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. लहानपणी सांधे सुजून ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आईनेही ते सहज सांगितलं, जणू त्याचा याच्याशी काही संबंधच नाही. त्या सांध्यांच्या तापानेच (रूमॅटिक फीव्हर) पुढे झडप खराब होते म्हणे.

रिपोर्ट असा: माइट्रल झडपेचं (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर (नॉर्मल ४ ते ६ असतं म्हणे), झडप कडक झालेली, डावा वरचा कप्पा फुगलेला आणि त्यात रक्ताची गाठ, ठोके अनियमित. उजवीकडची ट्रायकस्पिड झडप बरीच गळते. शेवटी ठळक अक्षरांत: फुप्फुसाच्या धमनीतला दाब ७८ (मिमी पारा), सिव्हिअर पल्मोनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसातला रक्तदाब फार वाढलेला.

सर्जन म्हणाले, झडप बदलावी लागेल, दाबामुळे जोखीम जास्त आहे, पण थांबलात तर ती आणखी वाढेल. धंतोलीत दुसरं मत घेतलं, ते म्हणाले तीन महिने गोळ्या घ्या, मग बघू. भाऊ म्हणतो, दाब उतरल्याशिवाय आईला हात लावू द्यायचा नाही. नात्यातल्या एकाचं औषधांचं दुकान आहे, तो म्हणतो सिल्डेनाफिल सुरू करा, फुप्फुसाचा दाब त्यानेच उतरतो.

नक्की कोणाचं ऐकू? कोणाच्या घरी असं ऑपरेशन झालं असेल तर कृपया लिहा. आईला अजून "जोखीम" हा शब्द सांगितलेला नाही.

— वैदर्भीय लेक

---

ताई, माझ्या बाबांचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. तेव्हा दाब ८५ होता. तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते, आयसीयूत एकूण नऊ दिवस. ते नऊ दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. डिस्चार्जच्या वेळी इकोत दाब ५० आला, सहा महिन्यांनी ४०. आता रोज सकाळी मंदिरापर्यंत चालत जातात. एक सांगतो, आईंना जोखीम सांगा. बाबांना आम्ही नव्हतं सांगितलं. शुद्धीवर आल्यावर तोंडात नळी बघून ते फार घाबरले. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

— अमरावतीकर

---

मी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना भूल देते. तुमच्या आईला तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण घरात काही गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते, म्हणून लिहिते.

दाब मुळात का वाढला ते आधी बघा. तुमच्याकडे बागेला पाणी देताना चारीत पुढे कचरा अडकला की पाणी मागे तुंबतं, तसंच हे आहे. झडपेचं तोंड आवळलं की रक्त डाव्या कप्प्यात तुंबतं, तिथून मागे फुप्फुसांत. वर्षानुवर्षं असं राहिलं की फुप्फुसातल्या बारीक धमन्या आवळतात, त्यांच्या भिंती जाड होतात. तुंबल्यामुळे वाढलेला दाब झडप मोकळी झाल्यावर लगेच उतरू लागतो. आवळलेल्या धमन्या सैल व्हायला महिने लागतात, आणि भिंती फारच जाड झाल्या असतील तर थोडा दाब कायमचा राहतो. सर्जन थांबू नका म्हणतात ते यासाठी.

म्हणूनच सिल्डेनाफिल स्वतःहून सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती. पुढचं तोंड बंद असताना फुप्फुसाच्या धमन्या रुंद केल्या तर फुप्फुसांत रक्त आणखी येईल आणि पाणी भरू शकतं. ऑपरेशननंतर दाब उरलेल्या रुग्णांना हीच गोळी सहा महिने देऊन पाहिल्याची सिओव्हॅक नावाची चाचणी स्पेनमध्ये झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २०० रुग्ण होते आणि गोळी घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. काही रुग्णांना ही गोळी आम्हीही देतो, पण ते ठरवणं दुकानातलं काम नाही.

७८ या आकड्याबद्दल. गळणाऱ्या ट्रायकस्पिड झडपेतल्या रक्ताच्या वेगावरून इकोत तो अंदाजाने काढतात, आणि तो वरचा दाब असतो. पल्मोनरी हायपरटेन्शनची व्याख्या मात्र सरासरी दाबावर आहे, विश्रांतीत २० च्या वर. सरासरी दाब नेमका मोजायचा तर उजव्या बाजूचं कॅथ करावं लागतं, म्हणजे शिरेतून हृदयात बारीक नळी घालून मोजणं. मला स्वतःला या आकड्यापेक्षा हृदयाचा उजवा खालचा कप्पा किती ताकदीचा उरलाय याची जास्त काळजी असते. त्याची भिंत पातळ असते, इतका दाब ढकलायची त्याला सवय नसते. रिपोर्टमध्ये टॅप्से लिहिलंय का बघा, हा कप्पा आकुंचन पावताना किती हलतो त्याचं ते माप. १७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो थकलाय असं समजतात.

टेबलावर आमचा जीव मुठीत असतो तो दोन वेळा. एक भूल देताना. ऑक्सिजन जरा कमी पडला, कार्बन डायऑक्साइड साचला, शरीर गार पडलं, तरी फुप्फुसाचा दाब भराभर चढतो. दुसरी वेळ हार्ट-लंग मशीनवरून (ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम तेच करतं) उतरवताना, तेव्हा उजव्या कप्प्याला सगळा भार पुन्हा उचलायचा असतो. मिलरिनोनसारखी औषधं त्यासाठी तयार ठेवतो. काही ठिकाणी व्हेंटिलेटरमधून नायट्रिक ऑक्साइड वायू देता येतो. तो फुप्फुसातच काम करतो, त्यामुळे अंगातला बीपी पडत नाही. तुमच्या हॉस्पिटलमध्ये यातलं काय आहे, अन्ननलिकेतून इको करत ऑपरेशन करणार का, ट्रायकस्पिडची गळती थांबवायला त्याच वेळी रिंग बसवणार का, हे नक्की विचारा. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि एक शंका. दुसऱ्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या दाबासाठी सांगितल्या की गाठीसाठी? काही वेळा ऑपरेशनऐवजी शिरेतून फुगा (बलून) नेऊन झडप उघडतात, पण कप्प्यात गाठ असताना तसं करता येत नाही, गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देऊन ती विरघळते का पाहतात. तसं असेल तर दोघांच्या मतांत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नाही.

— भूलवाली ताई, वर्धा

---

पैशांचं विचारलेलं नाही, तरी सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेचं ऑपरेशन बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीतही हृदयशस्त्रक्रिया विभाग आहे. आणि दात दाखवून घ्या. किडका दात असेल तर त्यातला जंतू नव्या झडपेवर जाऊन बसू शकतो, म्हणून तो आधीच काढतात. आमच्या काकूंची तारीख ऐन वेळी त्यापायीच पुढे गेली होती.

— मानेवाडा रोड

---

सगळ्यांचे मनापासून आभार. भूलवाली ताई, तुमचा निरोप मी भावाला दोनदा वाचून दाखवला.

धंतोलीच्या डॉक्टरांकडे परत गेलो. गोळ्या गाठीसाठीच होत्या! बलून जमेल अशी त्यांना आशा होती. त्यांनी अन्ननलिकेतून इको केला, तर झडपेच्या दोन्ही कोपऱ्यांत कॅल्शियम निघालं. मग त्यांनीच सांगितलं, बलूनचा विचार सोडा, सर्जनकडे जा. टॅप्से १५ आहे. सर्जन म्हणाले, कप्पा थकलाय, पण हरलेला नाही. पाच दिवस आधी भरती करून शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी काढतील, मग ऑपरेशन. ट्रायकस्पिडला रिंगही त्याच वेळी. नायट्रिक ऑक्साइड त्यांच्याकडे आहे. सिल्डेनाफिलचं पाकीट मी परत केलं.

सध्या सगळ्यात कठीण आहे ते पाणी. दिवसाला दीड लिटरच, आणि नागपूरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. आई लहान वाटीतून घोट घोट पिते, ओला रुमाल ओठांना लावते, तक्रार करत नाही. लोणचं मात्र मागते, ते देता येत नाही.

अमरावतीकर, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री तिला सगळं सांगितलं. तोंडातली नळी, हात बांधलेले असतील तेही. थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, मृग बहाराचा ताण तोडायच्या, म्हणजे बागेला पुन्हा पाणी सोडायच्या, आधी घरी येईन का. भावाने सांगितलं, बाग मी बघतो. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

परवा सकाळी भरती. आयसीयूबाहेर रात्री एकालाच थांबू देतात, मी थांबणार आहे. नळी काढल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

— वैदर्भीय लेक